दोन शब्दांचा सासुरवास

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तुळशीचे लग्न येते. कार्तिकातल्या द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी वृंदावनाला गेरूचा हात द्यावा, उसाचा मांडव घालावा, चिंचा-आवळे ठेवावेत, घरातल्या कुणी तरी खड्या आवाजात मंगलाष्टके म्हणावीत आणि पोरांच्या हातांवर चुरमुरे-बत्तासे पडावेत. पाऊण तासात लग्न लागलेले असते. या लग्नाला वऱ्हाड असते, अंतरपाट असतो, अक्षता असतात. नसते ते फक्त भाषण. आणि त्यावाचून तुळशीच्या संसारात काही उणे पडल्याचे अद्याप कुणाच्या ऐकिवात नाही!

तुळशीच्या मागोमाग माणसांची लग्नसराई सुरू होते, आणि तिच्या जोडीने हल्ली भाषणसराईही. शहरातल्या वाचकांना हा प्रकार कदाचित पुरता ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे खेड्यापाड्यांत नवरा-नवरी बोहल्यावर येऊन उभी राहतात, भटजी पंचांग मिटून तयार असतात, लोकांच्या मुठीत अक्षता घामाने ओल्या झालेल्या असतात. आणि नेमक्या त्याच वेळी माईकवाला गर्जतो, ‘आता आपल्या सर्वांचे लाडके अमुकसाहेब वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलतील!’ लाडके साहेब उठतात. ‘मी आपला फार वेळ घेणार नाही,’ असे म्हणतात. आणि मग फार वेळ घेतात. साहेब बसतात तो त्यांचे प्रतिस्पर्धी साहेब उठतात, कारण एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला दिले नाही तर मुलीच्या बापाला गावात राहायचे असते.

गेल्या वैशाखात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला मी गेलो होतो. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा होता. सात वक्ते बोलले. एकाने रस्त्याच्या डांबरीकरणाचा हिशेब दिला. एकाने बाजार समितीच्या निवडणुकीत कुणी कुणाचा घात केला ते सांगितले. मास्तरकीची खोड म्हणून मी मोजत बसलो होतो. तिसऱ्या वक्त्याने आरंभी तेवीस नावे घेतली. त्यांत दोन माजी सभापती होते, एक भावी आमदार होते, ‘नुकतेच आगमन झालेले’ कुणी होते. नवरीचे नाव नव्हते. तिच्या आईचे तर सातांपैकी एकाच्याही तोंडी आले नाही. पोर सकाळपासून उपाशी उभी होती. म्हातारीकोतारी माणसे कापडी मांडवाखाली भाजून निघत होती. पावणेदोन वाजता जेव्हा सातवे गृहस्थ खाली बसले, तेव्हा मुहूर्ताला जाऊन तासाहून अधिक वेळ झाला होता.

पण मला बोचले ते उन्हाचे नाही. सातव्या वक्त्याने समारोप करताना सांगितले की, ‘वरपित्यांनी एक पैसाही न घेता ही सोयरीक जुळवून समाजापुढे आदर्श ठेवला आहे.’ मांडवाने टाळ्या वाजवल्या. ओढ्याकाठचे दीड एकर फाल्गुनात कशासाठी विकले गेले हे त्या मांडवातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होते. मुलीचा बाप एका खांबाला टेकून उभा होता. तोही टाळ्या वाजवीत होता.

तेव्हा लग्नातले भाषण ही नुसती कंटाळ्याची बाब आहे असे समजून हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे भांडण आहे. वाईट भाषणाने जेवण निवते, हे तर खरेच. पण त्याने एका माणसाचे तोंडही कायमचे शिवले जाते. चारशे माणसांदेखत ‘एक पैसाही घेतला नाही’ असे एकदा गर्जून झाले की, उद्या त्या पोरीने माहेरी येऊन काही सांगितले तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

यावर दोन बाजूंनी दोन उत्तरे येतात. पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे. तो म्हणतो, ‘मास्तर, तुम्ही पुस्तकातले बोलता. साहेब आले, त्यांना माईक दिला नाही, तर ते रुसतात. आणि उद्या दाखल्यासाठी, विजेच्या खांबासाठी त्यांच्याच दारात जावे लागते.’ या भीतीला मी हसत नाही. ती खरी आहे. पण मान देण्याचे मार्ग आपल्याकडे काय थोडे आहेत? श्रीफळ द्या, शाल द्या, पहिल्या पंगतीत मानाचे पान मांडा. मान माणसाला द्यायचा असतो, त्याच्या जिभेला नव्हे. आणि बोहले म्हणजे व्यासपीठ नव्हे. व्यासपीठावर जो चढतो तो मोठा. बोहल्यावर जी दोघे उभी असतात तीच मोठी. त्या घटकेपुरता तो पोरगा आपल्या भाषेत नवरदेव असतो. देवापुढे उभे राहून पुजाऱ्यांचीच नावे वाचीत बसणारा भक्त आपण कुठे पाहिला आहे काय?

दुसरे उत्तर सुधारकी थाटाचे. ‘भाषणे बंदच करा, विधी पुरे आहेत.’ हेही मला पटत नाही. लग्नात शब्द नकोत असे नाही. शब्दांवाचून लग्न होतच नाही. 1873 साली सप्टेंबरात पुण्याला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. त्या लग्नपद्धतीचा जीव कशात होता? जोतीरावांनी मराठीत मंगलाष्टके रचली आणि त्यांत वधूवरांना एकमेकांशी बोलते केले. कळत नसलेल्या मंत्रांच्या जागी कळणारे वचन आले. पुढे 1954 सालच्या विशेष विवाह कायद्यानेही तोच मार्ग धरला. नोंदणी कचेरीत विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, एकेक वाक्य उच्चारायचे: मी अमुक, तुला अमुकला, माझी कायदेशीर पत्नी, किंवा पती, म्हणून स्वीकारतो, स्वीकारते. संपले भाषण! आरंभी ‘मी’, शेवटी ‘स्वीकारतो’, मध्ये दोन नावे. याहून नेटका आरंभ आणि याहून पक्का शेवट मी कादंबरीच्या धंद्यात इतकी वर्षे घालवूनही मला साधलेला नाही.

आता त्या कायद्यातल्या तीन साक्षीदारांकडे नीट पाहा. माझे सारे म्हणणे त्यांच्यात आहे. लग्नाला जमलेला माणूस पाहुणा म्हणून जेवतो हे खरे, पण तो बोलावलेला असतो साक्षीला. चार माणसांदेखत, देवाब्राह्मणांसमक्ष, अग्नीच्या साक्षीने, पंचांसमोर. आपल्या सगळ्या चालीरीती जातीपातीच्या भिंती ओलांडून एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहेत की लग्न कुणी तरी पाहिलेले असावे. तेव्हा लग्नात जो बोलायला उभा राहतो तो प्रमुख पाहुणा नव्हे, अध्यक्ष नव्हे, उमेदवार तर मुळीच नव्हे. तो साक्षीदार आहे. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात चढल्यावर ‘आजच्या कार्यक्रमाला लाभलेले सन्माननीय न्यायाधीश’ अशी सुरुवात करतो का? तो सांगतो, मी कोण, मी यांना कसा ओळखतो आणि मी काय पाहिले. ठाऊक आहे तेवढे बोलतो आणि खाली उतरतो.

आपल्या जुन्या लोकांना ही अक्कल होती. उखाणाच पाहा. आपण त्याला ‘नाव घेणे’ म्हणतो. दोन ओळींची ती गंमत, पण तिच्यात नाव आले नाही तर बायका पोरीला उंबरा ओलांडू देत नाहीत. आणि मंगलाष्टके? शार्दूलविक्रीडिताच्या प्रत्येक चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. म्हणजे म्हणणारा कितीही उत्साही असो, कुठे थांबावे हे त्याच्या मर्जीवर नाही. आणि शेवट तर त्याच्या हाती मुळीच नसे. पूर्वी लग्नघरी पाण्यात घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. मुहूर्ताची घटिका भरली की ‘सावधान’, अंतरपाट दूर, अक्षता डोईवर! एका शब्दाचा केवढा दरारा! तो शब्द कानी पडताच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले अशी कथा आपल्या घराघरांत सांगतात. आणि आमचे सातवे वक्ते चाळीस मिनिटे बोलले तर नवरदेव जागचा हलला नाही. तो उभ्या उभ्या पेंगत होता.

मग चांगला आरंभ कोणता? ‘मी हिचा मास्तर. चौथीत असताना ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची, त्याला वर्गाच्या दारात निजवायची आणि एक डोळा त्याच्यावर ठेवून पाढे म्हणायची. एकोणतिसाचा पाढा तिचा कधी चुकला नाही.’ एवढे पुरे. सासरच्या मंडळींना कळले की घरात कोण येत आहे. साहेबांना असा आरंभ करता येणार नाही, कारण साहेबांनी त्या पोरीला आज प्रथमच पाहिले. आणि ज्याला असा आरंभ करता येत नाही त्याने उठूच नये, हीच त्याची परीक्षा.

आणि शेवट? आमच्या वक्त्यांना आरंभ लांब सापडतो, शेवट सापडतच नाही. ‘जाता जाता एवढेच सांगतो’ असे म्हणून ते जात नाहीत. मग ‘माझ्या वतीने, कारखान्याच्या वतीने, संचालक मंडळाच्या वतीने’ शुभेच्छा देतात. संचालक मंडळाच्या आशीर्वादाने कुणाचा संसार सुखाचा झाला असेल तर मला दाखवावा! चांगला शेवट तो, ज्यात बोलणारा लोकांकडे पाठ करतो, त्या दोघांकडे वळतो आणि पुढे कधी तरी आठवता येईल असे एक वाक्य बोलतो. ‘जावईबापू, हिला पुढे शिकायचे आहे. ते मी या सगळ्यांदेखत तुम्हाला सांगून ठेवतो.’ झाले. माईक खाली. या वाक्याला टाळ्या पडणार नाहीत कदाचित, पण चार वर्षांनी चुलीपुढे बसलेल्या त्या पोरीला ते आठवेल, आणि तिच्या सासऱ्यालाही.

आणि खोटे? 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला. त्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा ठरवले. लग्नातल्या वक्त्याने फौजदार व्हावे असे मी म्हणत नाही. पण जे आपण पाहिले नाही त्याची ग्वाही देऊ नये, एवढे तर त्याच्या हाती आहे? खोटी साक्ष कोर्टात दिली तर शिक्षा होते. मांडवात दिली तर शाल मिळते.

आता तुम्हाआम्हाला काय करता येईल? मुहूर्त आधी, भाषण मागून, एवढा एक नियम घरच्या कार्यात पाळावा. अक्षता पडल्यावर ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे; तोवर पंगत मांडलेली असते, आणि पंगतीसारखा रोखठोक टीकाकार उभ्या महाराष्ट्रात दुसरा नाही. पत्रिकेवर ‘कृपया अहेर आणू नये’ असे आपण छापतोच. त्याखाली आणखी एक ओळ छापावी: ‘कृपया भाषण आणू नये.’ ज्याचे भाषण हवेच असेल त्याला घरी जाऊन, वेगळा निरोप देऊन बोलवावे, आणि तो मास्तर असो, मामा असो, की मुलीला सायकल शिकवणारी शेजारीण असो, तो त्या दोघांना ओळखणारा असावा.

आणि या हंगामात ज्यांच्या हाती माईक येईल त्यांना एक मागणे. पहिल्याच वाक्यात मुलीच्या आईचे नाव घ्या. ती समोर दिसणार नाही. काही घरांत अजून जुनी रीत आहे, मंगलाष्टके चालू असताना ती मागच्या दारी तुळशीला पाणी घालीत असते; नाही तर कोठीघरात तुपाचा डबा शोधीत असते. नाव ऐकून हात पुसत ती दारात येईल. तोपर्यंत थांबा. मग बोला.