तलवार म्यान झाली, हातांचे काय?

साताऱ्याहून सांगलीला निघालो, की माझ्या मनात हटकून एक पोरगा उभा राहतो. वय वीस. घरची एक घोडी, आज्याची तलवार आणि बापाने तालमीत घोटून घेतलेले पट्ट्याचे हात, एवढीच त्याची इस्टेट. बखरीत त्याचे नाव नाही. साल १८१८. फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला, त्याच महिन्यात अष्टीला बापू गोखले पडले. पेशवाई बुडाली, हे आपण शाळेत शिकलो. पण या शिलेदाराच्या पोराने दुसऱ्या दिवसापासून करायचे काय?

हाच प्रश्न पन्नास वर्षांनी जपानी सामुराईंपुढे आला. क्योटोत तलवार गाजवलेला ओकिता सोजी १८६८ साली क्षयाने गेला, तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. त्याच साली सामुराईंची राजवट संपली. १८७६ मध्ये तिथे तलवार बाळगायला बंदी आली, आपल्याकडे १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा. फरक एवढाच, की साकाकिबारा केन्किची नावाच्या उस्तादाने १८७३ सालीच तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ सुरू केले आणि बेकार हातांना भाकर दिली. पुढे ती विद्या पोलिसांनी आणि शाळांनी उचलली.

आणि आपल्याकडे? सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. मराठी नाटक जन्मले, याचा अभिमान आहेच. पण खरी तलवार खुंटीला आणि खोटी रंगमंचावर, असा तो काळ होता. १८४६ मध्ये कंपनी सरकारने चिंतामणरावांना निष्ठेबद्दल तलवार भेट दिली. ती लढायला नव्हती, मिरवायला होती! साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. बाकीच्यांनी नांगर धरला, नाहीतर पलटण गाठली. एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले.

पोवाडे आपण तलवारीचे गातो; ती धरणाऱ्या हातांची विचारपूस करत नाही. आजही पहाटे या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम व्हायचे. उरलेला ऐन पंचविशीत, कमावलेले अंग आणि शिस्त घेऊन गावी परतणार. त्याला कारखाना, सोसायटी, शाळेचे मैदान यांत कुठे जागा आहे, हे गावाने तो परतण्याआधीच ठरवायला हवे.

नाहीतर वेशीवर त्याचा सत्कार होईल. फेटा बांधतील, तलवार भेट देतील, फोटो काढतील. मला वाटते, तलवारी पुष्कळ देऊन झाल्या. आता काम द्यावे.