तांदळातले नाव

लग्नाच्या मांडवात ताटभर तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यांवर वधूचे नवे नाव रेखायचे आणि पेढे वाटायचे, हा विधी वडोद्याच्या मराठी घरांतून आजही निष्ठेने पाळला जातो. दांडियाबाजार-रावपुऱ्यातले वाडे सुटले, आम्ही समा येथील सोसायट्यांत येऊन स्थिरावलो, नातवंडांच्या तोंडी गुजराती रुळली. ताट मात्र सोबत आले. परमुलखात (पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्याला आम्ही परमुलूख म्हणतो!) आपले काही टिकवायचे तर हे टिकवावे, असे ज्येष्ठ मंडळी बजावतात. आमचे मत नेमके याच्या विरुद्ध आहे.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर राजवाड्याचा घ्यावा. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये विवाह होऊन त्या चिमणाबाई झाल्या. १८८५ मध्ये त्या निवर्तल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई राणी होऊन आल्या, आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. रावपुऱ्याचा टॉवर पहिलीच्या स्मरणार्थ उभा आहे. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारी आणि १९२७ मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारी ती दुसरी. आमच्यापैकी किती जण हा भेद न अडखळता सांगतील? हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क १९३१ मध्ये कायद्याने देणाऱ्या संस्थानात गजराबाई हे नाव मात्र पुसले गेले.

राण्यांना निदान कचेरीत रांग लावावी लागली नाही. आजच्या सुनेस लागते. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा या देशात नाही. पारपत्रासाठी ते आवश्यक नाही, हे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरीही आम्ही बदलवितो आणि मग फेरा सुरू होतो. आधारपत्रावर नाव सामान्यतः आयुष्यात दोनदाच बदलता येते. एक संधी लग्नात खर्ची पडते, दुसरी त्या बदलातली चूक निस्तरण्यात. त्यात गुजरातचा प्रेमळ आग्रह: कारकून सुनीताचे सुनीताबेन करतो, जाधवचे जादव होते. प्राप्तिकराच्या पॅन कार्डावर विवाहितेच्याही पित्याचे नाव, शिधापत्रिकेवर पतीचे, पदवीपत्रावर माहेरचे आडनाव. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले, आणि जोडायचे तर दोन्हीकडचे नाव जुळावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी जाहीर झाली, तीत गुजरातही होते. जुन्या यादीत जिचे स्वतःचे नाव नव्हते, तिला आईवडिलांच्या नोंदीचा आधार शोधावा लागला. साताऱ्याहून वा सांगलीहून आलेल्या सुनेने समा येथे बसून माहेरच्या गावची यादी चाळायची, आणि त्या घराशी नाते सांगणारे नाव तर आम्ही तांदळात मिटविलेले!

‘एका घराचे एक आडनाव असावे, मुलांचे अडते,’ हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई आणि वडील दोघांचीही नावे असतात. अडत काही नाही. खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. राजपत्रातून माहेरचे नाव पुन्हा घेऊ इच्छिणाऱ्या विवाहितेकडे घटस्फोटाचा हुकूमनामा अथवा पतीचे ना-हरकत पत्र मागणाऱ्या केंद्रीय अधिसूचनेला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. जाताना कोणी पतीची संमती विचारीत नाही, येताना मात्र विचारतात.

जिला मनापासून नाव बदलायचे आहे, तिने अवश्य बदलावे. तिने प्रथम विवाहनोंदणीचा दाखला घ्यावा, सर्व कागदांवर अक्षर न अक्षर एकच लिहून घ्यावे आणि तो दाखला जन्मभर जपावा, कारण पदवीपत्र दाखविताना तोच पुढे करावा लागतो. पण हा निर्णय तिचा असावा, सासूबाईंचा वा भटजींचा नव्हे. ताट, अंगठी, पेढे यांना आमचा विरोध नाही. हौसेचे नाव घरात खुशाल हाक मारण्यास ठेवावे.

आणि घरापासूनच आरंभ करायचा तर आपल्या मंडळाची सभासद-नोंदवही आहेच. तीत आजही बहुतेक भगिनी ‘सौ.’ आणि पतीच्या नावानेच नोंदल्या आहेत. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने, स्वतःस हवे ते नाव त्या वहीत पुन्हा लिहावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी आपली कारणे लेखी आणावीत.