शेवट आधी सांगितला तर?

दिवाळी अंक घरात आला, की तो आधी कोणी वाचायचा यावरून भांडण आणि वाचून झाल्यावर "शेवट सांगू नकोस हं!" अशी तंबी, हे ठरलेलेच. मी मात्र आज एका गोष्टीचा शेवट सांगूनच टाकणार आहे. गोष्ट 1884 सालची आहे. तेव्हा वाचकांनी रागावू नये.

मोपासाँची ती हिऱ्यांच्या हाराची कथा. माथिल्द ही पॅरिसच्या शिक्षणखात्यातल्या एका कारकुनाची बायको. मंत्र्यांकडच्या समारंभाचे आमंत्रण आले, तर बाईंच्या डोळ्यांत पाणी! घालायला काय? नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले 400 फ्रँक पोशाखाला दिले. हार मैत्रिणीकडून उसना आणला, आणि त्याच रात्री तो हरवला. मग 36,000 फ्रँकांचा तसाच दुसरा घेऊन परत केला. निम्मे पैसे वडिलार्जित, निम्मे कर्ज. दहा वर्षे हाडे झिजवून ते फेडल्यावर कळले, की मूळचा हार खोटा, फार तर 500 फ्रँकांचा!

पुष्कळांना ही निव्वळ हातचलाखी वाटते. मला नाही वाटत. "हार हरवला" हे दोन शब्द मैत्रिणीला सांगितले असते, तर गोष्ट तिथेच आटोपली असती. पण नवऱ्याच्या सल्ल्याने माथिल्द लिहिते, की फासा तुटला, दुरुस्तीला टाकला आहे. गरिबी दिसू नये म्हणून जी हार उसना आणते, ती हरवल्याचे कोणत्या तोंडाने सांगणार? कथानकाची कळ इथे आहे, शेवटी नव्हे.

आणि लेखकाने लपवले तरी काय? पेटीवर ज्याचे नाव होते तो जवाहिऱ्या वह्या चाळून सांगतो, की हार आमचा नव्हे, आम्ही नुसती पेटी दिली असेल. आपण ते वाक्य वाचून पुढे जातो, माथिल्दही जाते.

वेळेचा हिशेबही पाहा. एका रात्रीला ऐसपैस जागा, दहा वर्षे मात्र थोडक्या ओळींत! त्यातही भांडी घासून हात राठ झालेली ही बाई कधीमधी खिडकीशी बसून त्याच रात्रीचा विचार करते. एवढे सोसूनही तिचा तो एक हट्ट सुटलेला नाही.

गोष्टीतले शेवटचे बोलणे मैत्रिणीचे आहे. ते ऐकून माथिल्द काय म्हणाली, हे मोपासाँने लिहिलेले नाही.