पाटण्याचा मठ आणि बारा अंगुळांचा शंकू

चाळीसगावच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. नवरात्रात खान्देशातून हजारो भाविक तेथे जातात. परंतु याच पाटण्यात कधी काळी खगोलगणिताचे अध्यापन चालावे म्हणून मठ स्थापन झाला होता, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असते? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात येथील शिलालेख प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा राजज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि कुळातील इतरांचे ग्रंथ यांचे पठण व्हावे, यासाठी त्याने हा मठ उभारला. निकुंभवंशी सोइदेवाने त्यास दान दिले, ते इ. स. १२०७ च्या श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणसमयी.

लेखाचा प्रारंभ संस्कृतात आहे. व्यवहाराचा भाग मात्र तत्कालीन मराठीत कोरला आहे, आणि आमच्या मते लेखाचा खरा प्राण तेथेच आहे. खरेदी-विक्रीवरील वाटा, घाण्यामागे तेल, अशी मठाच्या योगक्षेमाची तरतूद त्यात आहे. म्हणजे ग्रहगणिताचा भार केवळ राजाने नव्हे, तर बाजारपेठेने आणि तेलाच्या घाण्याने उचलला होता. ‘आकाशातील ताऱ्यांनी पोट भरते काय?’ हा प्रश्न त्या व्यापाऱ्यास आणि तेल्यास पडला नसेल असे नाही. पण तिथी, ऋतू, पेरणी, यात्रा आणि दिशा हे सारे ज्या शास्त्रावर उभे आहे, ते जिवंत राहिले पाहिजे, एवढी जाण त्या समाजास होती.

आज केळी-कापसाच्या याच प्रदेशात तो प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो. शिक्षण व्यवहारोपयोगी हवे, हे आम्हांसही मान्य आहे. आक्षेप आहे तो व्यवहाराच्या संकुचित अर्थाला. परीक्षेत दोन-चार गुणांपुरता उरलेला खगोलाचा धडा घाईने वाचून संपविला जातो आणि ग्रहांची नावे पाठ झाली की विषय आटोपतो. सूर्य नेमका पूर्वेस वर्षातून दोनच दिवस उगवतो, हे स्वतःच्या अंगणातून पडताळून पाहिलेला विद्यार्थी विरळाच.

या स्थितीचा दोष सर्वस्वी मेकॉलेच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. भास्कराचार्यांचे नाव व्यासपीठावरून घेताना आपला कंठ दाटून येतो, पण त्यांच्या ‘गोलाध्याया’चे पान आपल्यापैकी किती जणांनी उलटले आहे? २०१४ साली त्यांच्या जन्मास नऊशे वर्षे झाली. तेव्हाचे हारतुरे केव्हाच सुकले. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा मोठा वादंग माजला. समर्थक आणि विरोधक दोघेही फलज्योतिषावरच भांडत राहिले आणि गणित व गोल हे शास्त्राचे मूळ अंग बाजूस पडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. तेथेही गौरवाचे परिच्छेदच वाढले आणि निरीक्षण शून्यच राहिले, तर नवे काय घडले?

यासाठी दुर्बिणी आणि तारांगणे हवीत असे नाही. हवा आहे तो शिक्षक. धुळ्याने असा एक शिक्षक पाहिला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षकांना घडविणाऱ्या येथील शाळेत अध्यापक होते. मॅट्रिकपलीकडे पदवी नाही, हाती वेधशाळा नाही. या गृहस्थाने १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागाने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात पूर्वजांविषयीचा अभिमान आहे, पण प्रत्येक विधान गणिताने तपासूनच पुढे जाण्याची शिस्तही आहे. सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ही लिहिले.

भास्कराचार्यांनी यंत्रांचे वर्णन करताना बुद्धीच्या यंत्रास, धीयंत्रास, सर्वश्रेष्ठ मानले आणि त्यासाठी हाती एक काठी पुरेशी ठरविली. तीच काठी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत का नसावी? निसर्गाचा एक खोडकरपणा असा की, खान्देशात सूर्य माथ्यावर येऊन सावली नाहीशी होते ती मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, तेव्हा शाळांना सुट्टी; आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ भरलेले. पण सप्टेंबरचा विषुवदिन शाळेच्या दिवसांत येतो. बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करावा. मध्यान्ही त्याची सावली साडेचार अंगुळांहून किंचित अधिक भरेल. हीच जुन्या ग्रंथांतील पलभा, आणि तिच्यावरून आपल्या गावाचे अक्षांश सातवी-आठवीचा मुलगाही आकृती काढून, कोनमापकाने मोजू शकतो.

ती मध्यान्हही घड्याळाच्या बाराला होत नाही. जळगावात ती सुमारे १२ वाजून २० मिनिटांनी होते आणि धुळ्यात त्यानंतर तीन मिनिटांनी. दोन्ही शहरांतील एकेका शाळेने त्या दिवशी दूरध्वनी जोडून आपापली सर्वांत आखूड सावली नोंदवावी आणि हा तीन मिनिटांचा फरक कोठून आला, हे मुलांनाच शोधू द्यावे.