मार्क मिळाले, डोकं कुठंय?

परवा कामशेतच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराला विचारलं, बायनरी सर्च म्हणजे काय? व्याख्या घडाघडा म्हणाला. पण यादी आधी क्रमाने लावलेली लागते, हे त्याला माहीतच नाही! अहो, क्रमवार यादीत १० लाख नावं असली तरी जास्तीत जास्त २० वेळा बघून हवं ते सापडतं. एकेक बघत गेलात तर १० लाख वेळा! हा फरक कळणं म्हणजे शिक्षण. भुशी डॅमची रांग म्हणजे क्यू, चिक्कीच्या बॉक्सची थप्पी म्हणजे स्टॅक. उदाहरणं दारात पडलीत, तरी कॉलेजात जर्नल उतरवून घेतात. बापाने फीसाठी जमीन विकायची ती यासाठी? पालकांनो, मार्क नंतर विचारा. आधी कोरा कागद द्या, म्हणा, 'लिहून दाखव!'