बाई, तुम्हाला आमची बोली येते का?

जून उजाडला की घराघरांत एकच धांदल असते. दप्तर, वह्या, गणवेश, डबा. पहिलीत जाणाऱ्या लेकराला आपण बजावतो, "बाई सांगतील ते नीट ऐक हं!" पण बाई सांगतात ते त्याला कळेल का, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. कारण आपल्या घरात जी भाषा, साधारण तीच पुस्तकात. सगळ्यांच्या घरी तसं नसतं, मैत्रिणींनो.

मेळघाटातल्या कोरकू घरात पाण्याला 'डा' म्हणतात. गडचिरोलीतल्या गोंडी घरात तेच पाणी 'येर' होतं. तांड्यावरचं बंजारा लेकरू आईला 'याडी' म्हणून हाक मारतं. नंदुरबारकडे भिली आणि पावरी, धुळे-जळगावला अहिराणी, डहाणू-जव्हारला वारली. शिवाय वीटभट्टीवर आणि बांधकामावर आई-बापांबरोबर आलेली हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं वेगळीच. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे २९ लाखांवर आणि कोरकू बोलणारे ७ लाखांवर लोक नोंदवले गेले. म्हणजे ही काही चार-दोन घरांची गोष्ट नव्हे.

बचत गटाच्या कामानिमित्त वाड्या-वस्त्यांवर जाणं होतं. तिथल्या आया सांगतात, "पोरगी घरी दिवसभर टकळी चालवते, शाळेत मात्र तोंड उघडत नाही." गुरुजींना विचारावं तर ते म्हणतात, "या मुलांना काही येतच नाही हो!" दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. पोरीला खूप काही येत असतं. झाडांची नावं, शेळ्यांचा हिशोब, आजीच्या गोष्टी. पण ते सगळं ज्या भाषेत आहे, ती भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहते. मग ती 'मठ्ठ' ठरते. दोन-तीन वर्षं वाचता येत नाही, शाळेची गोडी लागत नाही आणि एक दिवस धाकट्या भावाला सांभाळायला ती घरीच राहते. शाळा सुटण्याची पाळी आली की पहिला नंबर मुलीचाच लागतो, हे काय आपल्याला नव्याने सांगायला हवं?

खरं तर आपण बायकांनी हे चटकन ओळखायला हवं. लग्न होऊन दुसऱ्या मुलखात गेलेली नवी सून पहिले काही महिने अशीच गप्प असते. एखादा माहेरचा शब्द तोंडून निघाला की घरात खसखस पिकते. मग ती बोलणंच कमी करते. आपण तर तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या होतो. इथे लेकरू सहा वर्षांचं आहे.

दोष गुरुजी-बाईंचा आहे असं मी म्हणणार नाही. डी.एड. करताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र सगळे पाठ करतात. पण समोरच्या मुलाचं 'ज्ञात' ज्या भाषेत आहे, तीच येत नसेल तर ते सूत्र वापरायचं कसं? लातूर-सोलापूरकडच्या शिक्षकाची नेमणूक धडगाव-अक्कलकुव्याला झाली, तर त्याला तिथली बोली कोण शिकवणार?

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. २०२० चं राष्ट्रीय धोरणही तेच सांगतं. पण 'शक्य तिथवर' या शब्दांतून वाट काढायची तर आधी शिक्षकाची तयारी हवी. ओडिशाने २००७ साली दहा आदिवासी भाषांमधून प्राथमिक शाळा सुरू केल्या. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा धडा आपल्या मातीतलाच आहे.

तयारी म्हणजे फार मोठा खर्चही नाही. नेमणुकीच्या जागी जाण्याआधी शिक्षकाला तिथल्या बोलीतले दोन-तीनशे शब्द आणि रोजची वाक्यं शिकवावीत. डी.एड.च्या मुला-मुलींचा काही सराव अशा शाळांमध्येच व्हावा. मुलाने उत्तर घरच्या बोलीत दिलं तर ते आधी बरोबर धरावं आणि मग तेच मराठीत कसं म्हणायचं ते सांगावं. गावातल्या आजीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला वर्गात बोलवावं. आणि कुठल्याही बोलीला वर्गात हसायचं नाही, हा नियम आधी गुरुजींनी पाळावा.

"मग ही मुलं मराठी कधी शिकणार?" असं कुणी विचारेल. आई-बापही म्हणतात, "आमची बोली घरी आहेच, शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा." त्यांचं चुकत नाही. मराठी तर यायलाच हवी, नाहीतर पुढे कॉलेज नाही की नोकरी नाही. पण शिडीची खालची पायरी काढून घेतली तर वर चढणार कसं? घरची बोली ही ती खालची पायरी आहे.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर राज्यभर रान उठलं. शेवटी जूनमध्ये सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात ज्यांना मराठीच परकी वाटते, त्या मुलांबद्दल मात्र फार कमी ऐकू आलं.

यात आपण काय करणार, असं म्हणू नका. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. आपण तिथे सही करण्यापुरत्या जातो. पुढच्या सभेत एवढंच विचारा, आपल्या शाळेत किती बोली बोलणारी मुलं आहेत आणि त्यातली एक तरी बाईंना येते का? उत्तर 'नाही' आलं, तर शिकवायला त्याच वस्तीवरची एखादी आई सुचवा. ती आनंदाने येईल.