हळदीची जागा आणि अँटिबायोटिकची जागा

‘हळद-लसणापुढे अँटिबायोटिकही फिकं’, ‘औषधांना दाद न देणारे जंतू लवंगेच्या तेलानं मेले’ असे संदेश तुमच्याही मोबाइलवर आले असतील. ते धडधडीत खोटे असते तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. त्यांत खऱ्याचा अंश आहे आणि त्या अंशावर विसंबून माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात. म्हणून त्यात खरं किती आणि त्याचा तुम्हा-आम्हाला उपयोग काय, हे नीट समजून घेऊ या.

आधी प्रयोगशाळेतली थाळी पाहू. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजात हा प्रयोग होतो. काचेच्या उथळ थाळीत अगारचा थर ओततात, त्यावर जंतू पसरवतात आणि वनस्पतीच्या अर्कात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या त्यावर ठेवतात. रात्रभर शरीराच्या तापमानाला ठेवलेली थाळी सकाळी बघितली की सगळीकडे जंतूंची फिकट साय धरलेली असते आणि चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. तिथे जंतू वाढले नाहीत. विद्यार्थ्यांना याचा केवढा आनंद होतो! तो रास्तच आहे. पण त्या वर्तुळावरून आपण भलतीच उडी मारतो. अर्क काढायला वापरलेला अल्कोहोल नीट उडून गेला नसेल, तर वर्तुळ त्याचंही असू शकतं. ते अर्काचंच असलं, तरी चकतीवर द्रव्य किती होतं आणि तेवढं द्रव्य माणसाच्या रक्तात पोचतं का, हे थाळी सांगत नाही.

हळदीचंच गणित मांडू. हळदीतलं गुणकारी मानलं जाणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू प्रयोगशाळेत रोखायचा, तर ते दर मिलिलिटरला साधारण 100 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. तैवानमधल्या डॉक्टरांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते दर मिलिलिटरला सरासरी 1 मायक्रोग्रॅमसुद्धा भरलं नाही. हळकुंडात कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. म्हणजे 8 ग्रॅमसाठी दिवसाला पाव किलोहून जास्त हळद पोटात गेली पाहिजे, आणि तरी रक्तातली मात्रा शंभरपटीनं कमीच. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि जे शोषलं जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. पेलाभर हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, झोपही लागते. जरूर प्या. पण त्यानं रक्तातला किंवा फुप्फुसातला जंतू मरत नाही.

इथे कोणी 1997 सालच्या विजयाची आठवण करून देईल. अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते लढून रद्द करून घेतलं. अभिमान वाटावा असाच तो लढा होता. मात्र तिथे मुद्दा होता तो हे ज्ञान नवीन नाही, भारतात पिढ्यानपिढ्या आहे, एवढाच. चिघळलेल्या, औषधाला दाद न देणाऱ्या जखमा हळदीनं बऱ्या होतात, असा निकाल कुणी दिलेला नाही.

मग वनस्पतींकडे काहीच नाही का? आहे, आणि ते फार विलक्षण आहे.

आपली नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स बुरशीतून आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांतून आली. पेनिसिलिन बुरशीतून, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूतून. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून मोठमोठ्या टाक्यांत वाढवली जायची तीही बुरशीच. झाडाची तऱ्हा वेगळी. एकच जालीम द्रव्य बनवण्याऐवजी झाडं अनेक सौम्य द्रव्यं एकत्र वापरतात. त्यामुळे एकेक द्रव्य सुटं काढून तपासलं की ते अँटिबायोटिकच्या तुलनेत बहुधा शेकडो पटींनी दुबळं निघतं.

दारुहळदीचं उदाहरण घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ही पिवळी लाकडं. दारुहळदीतलं बर्बेरिन हे द्रव्य जंतूला मारक आहे. पण स्टॅफिलोकोकसच्या आवरणात छोटे पंप असतात. बोटीत शिरलेलं पाणी खलाशानं उपसून बाहेर टाकावं, तसं हे पंप बर्बेरिन आत शिरताच बाहेर फेकतात. 2000 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की याच कुळातल्या तिथल्या झुडपांमध्ये आणखी एक द्रव्य असतं. ते स्वतः जंतूला मारत नाही. पंप तेवढा बंद पाडतं. मग बर्बेरिन आत साठतं आणि जंतू टिकत नाही. म्हणजे मारेकरी आणि त्याचा मदतनीस, दोघंही एकाच झुडपात!

माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत आशेची जागा हीच आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची एक मोठी युक्ती हे पंप आहेत. वनस्पतीतल्या द्रव्यानं पंप बंद पडला, तर निकामी होत चाललेलं जुनं अँटिबायोटिक पुन्हा कामाला येऊ शकतं. आपल्या स्वयंपाकघरातली मिरी इथेच भेटते. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं, की मिऱ्यातलं पायपरिन स्टॅफिलोकोकसचा हाच पंप अडवतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कमी मात्रेत काम करू लागतं. हेही थाळी-नळीतलंच काम. पण पायपरिनचा दुसरा गुण प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोचला. त्याच्यामुळे काही औषधं आतड्यातून जास्त शोषली जातात. त्यावरून याच प्रयोगशाळेनं कॅडिला कंपनीबरोबर क्षयरोगाची गोळी तयार केली. तिच्यात 10 मिलिग्रॅम पायपरिन आहे आणि एरवी 450 मिलिग्रॅम लागणारं रिफाम्पिसिन 200 वर आणलं आहे.

या गोळीत क्षयाचे जंतू मारतं ते रिफाम्पिसिन आणि सोबतचं आयसोनियाझिड. मिरी मदतीला आहे. वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या, मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरली, तेव्हा ती मदत हाती आली. घरी गोळीबरोबर मिरपूड खाऊन डोस कमी करणं हा जिवाशी खेळ आहे. मिऱ्याचा अर्क घातलेल्या ज्या कर्क्युमिन कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात, त्यांच्याबद्दलही हेच ध्यानात ठेवा. पायपरिन आकडीच्या फेनिटॉइनसारख्या औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकतं. तुमची रोजची गोळी आणि ही कॅप्सूल यांचं जुळतं का, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न किती मोठा आहे, याचा एकच आकडा देतो. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावली. त्यांत ई. कोलाय, क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर अशी नावं वारंवार येतात. यांना बाहेरून आणखी एक पडदा असतो. झाडातली बहुतेक द्रव्यं त्या पडद्यालाच अडतात आणि आत गेलेली पंप बाहेर काढतात. म्हणजे आयसीयूत ज्या जंतूंचं भय सर्वांत जास्त, त्यांच्यावर वनस्पतींचा जोर सर्वांत कमी. संदेशांत हे कुणी लिहीत नाही.

तर मग आजीबाईच्या बटव्याचं काय करायचं? तो मुळीच टाकू नका. त्याची एक फार महत्त्वाची जागा आहे. सर्दी, पडसं, बहुतेक घसादुखी, साधा खोकला हे बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. तरी आपण मेडिकलमध्ये जातो, ‘तीन दिवसांची अझी (अझिथ्रोमायसिन) द्या’ म्हणतो, दुकानदारही देतो. अशा प्रत्येक फुकटच्या गोळीनं आपल्या पोटातल्या लाखो निरुपद्रवी जंतूंना त्या औषधाशी झुंजायची तालीम मिळते. हेच जंतू पुढे आपली ती विद्या रोगजंतूंना देतात. या दुखण्यांत आलं, गवती चहा, तुळस यांचा काढा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मधाचं चाटण हेच योग्य. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी 2018 मध्ये साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मध सुचवला, तो याच कारणानं. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, मग बारशाचा रिवाज काहीही असो. काढ्यानं सर्दीचा विषाणू मरतो असं मी म्हणत नाही. ते चार-पाच दिवस सुसह्य होतात, आणि न घेतलेल्या अँटिबायोटिकच्या रूपानं काढा या लढाईत खरोखर कामी येतो. जंतूंविरुद्ध आपल्या स्वयंपाकघराचं याहून मोठं योगदान मला दिसत नाही.

पण जिथे जंतुसंसर्ग खरोखर झाला आहे, तिथे काढ्यावर दिवस काढू नका. जर्मनीत लघवीची जळजळ असलेल्या सुमारे 400 बायकांवर एक चांगली चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. निम्म्या जणींना तिथे पूर्वापार वापरात असलेल्या बेअरबेरी या वनस्पतीचा अर्क दिला, निम्म्या जणींना अँटिबायोटिक. अर्क घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जणींना पुढे अँटिबायोटिक लागलं नाही, हे खरं. पण त्यांना त्रास जास्त झाला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याचे प्रसंगही त्याच गटात जास्त आढळले. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगणारी चाचणी अशी असते. औषधी वनस्पतींचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात अशा चाचण्या कितीतरी जास्त व्हायला हव्यात.

म्हणून थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि कंबरेत दुखणं, धाप लागणं, गुंगी येणं, लघवी कमी होणं, तान्ह्या बाळाला ताप यांपैकी काहीही असेल तर थेट दवाखाना गाठा. घरात मधुमेही असेल, तर त्याच्या पायाच्या जखमेवर कुठलाही पाला, पोटीस, हळद बांधू नका. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. मसाल्यांत जंतूंचे बीजाणू असतातच. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि दाखवा. ठेचलेली लसूण कातडीवर बांधून ठेवली तर भाजल्यासारखे फोड येतात. लहान मुलांना अशा इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लसणीतलं अॅलिसिन जहाल आहे, म्हणूनच तर ते जंतूला झोंबतं. आपल्या कातडीलाही ते तसंच झोंबतं.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा समज तर काढूनच टाका. करोनाच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीच्या ओळखीत चूक झाली असेल असं म्हटलं. ते गृहीत धरलं, तरी ग्राहकाला धोका उरतोच. बाजारात गुळवेल म्हणून हातात काय पडतं, हे आपल्याला कुठे ओळखता येतं?

डॉक्टरकडे गेलात की काही गोष्टी मोकळेपणानं विचारा. ‘हे अँटिबायोटिक आहे का? किती दिवस घ्यायचं?’ पुन्हापुन्हा तोच त्रास होत असेल तर ‘लघवीची कल्चर करू या का?’ कल्चरच्या रिपोर्टमध्ये औषधांच्या यादीपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेलं असतं. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. तो कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवा. ज्या गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय मागू नका. काही अँटिबायोटिक्ससाठी तर 2014 पासून दुकानदाराला रुग्णाचं नाव वहीत नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सांगितलेले दिवस पुरे करा, उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देऊ नका.

आणि तुम्ही काढा, चूर्ण, कॅप्सूल असं जे काही घेत असाल, ते डॉक्टरला आपणहून सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. पुडी किंवा बाटली सोबत घेऊनच जा.